दुसऱ्या मजल्यावरचा थांबा

‘काही त्रास होतो का?’ हा प्रश्न ज्याने कुणी डॉक्टरकीच्या पुस्तकात घातला असेल, त्याला एकदा माझ्या नवऱ्यासमोर आणून बसवलं पाहिजे. विचारू दे तासभर. उत्तर एकच येणार, “न्हाई, एकदम फर्स्ट क्लास.” अंगात एकशे तीन ताप असताना फर्स्ट क्लास. दाढ उपटल्यावर तोंडात कापसाचा बोळा होता, तेव्हा बोलता येईना म्हणून बोटांनी खूण करून फर्स्ट क्लास. केज तालुक्यातून वीस वर्षांपूर्वी इथे चिंचवडकडे आलो तेव्हा पत्र्याच्या खोलीत राहायचो, तीही फर्स्ट क्लासच होती.

मी दीपमाला. चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये बारा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. माझ्या टेबलावर पार्ट येतो, मी गेज लावते. मापात बसला तर हिरवा ट्रे, नाही बसला तर लाल. मी आजवर एकाही पार्टला विचारलेलं नाही, की बाबा रे, तुला कुठं दुखतंखुपतं का? पार्ट आपल्या तोंडाने सांगत नसतो आणि सांगितलं तरी मी ऐकणार नाही. म्हणून ऑगस्टात डॉक्टरबाईंसमोर बसले तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच माझं डोकं फिरलं.

झालं असं की गणराजच्या कंपनीत वर्षाची मेडिकल झाली. गणराज म्हणजे आमचे हे, वय अठ्ठेचाळीस, चाकणजवळ निघोज्याच्या बाजूला एका कारखान्यात मशीनवर. कंपनीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि पुन्हा लावली आणि म्हणाले, आवाज बरोबर नाही, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. मग चिंचवडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात टूडी इको झाला आणि आम्ही डॉक्टर मिनल यांच्यापुढे बसलो. बाई पस्तिशीच्या, शांत. त्यांनी कागदावर चित्र काढलं.

“हृदयातून सगळ्या अंगाला रक्त जातं, त्या दारातली ही झडप. तिला तीन पाकळ्या असतात, यांना जन्मापासून दोनच आहेत. आता त्या कडक झाल्यात. झडप उघडायला पाहिजे तीन ते चार चौरस सेंटिमीटर. यांची उघडते शून्य पॉइंट आठ.”

शून्य पॉइंट आठ! माझा हात आपोआप लाल ट्रे शोधायला लागला.

“मग बदला ना,” मी म्हणाले.

“बदलायचीच आहे, आज ना उद्या. प्रश्न कधी, एवढाच आहे.” मग त्या यांच्याकडे वळल्या. “गणराजभाऊ, दम लागतो? चक्कर येते? छातीवर दाब आल्यासारखं होतं?”

“न्हाई मॅडम. एकदम फर्स्ट क्लास.”

“म्हणजे यांनी नाही म्हटलं म्हणून तुम्ही हे पडायची वाट बघणार?” मी विचारलं. आवाज चढला होता, मला कळत होतं.

“तसं नाही ताई. यातलं एक जरी सुरू झालं असेल तर मी महिनाभरही थांबणार नाही, कारण मग थांबणंच जिवावर बेतू शकतं. पण खरंच काही त्रास नसेल तर वेगळा हिशोब असतो. छाती उघडायची म्हणजे धोका आहेच, थोडा का होईना. यांच्या वयाला धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. हे आजच गळ्यात घालायचं की सहा-सहा महिन्यांनी तपासत राहायचं, यावर डॉक्टरांमध्येसुद्धा दोन मतं आहेत. माझं मत लवकर करण्याकडे झुकतंय. पण आधी ट्रेडमिल टेस्ट करू. पट्ट्यावर चालवते यांना, माझ्यासमोर. काय ते कळेल.” त्यांनी एक चिठ्ठीही लिहून दिली, कंपनीसाठी. यांना जड उचलायला लावू नका, अशी. यांनी ती घडी घालून खिशात ठेवली.

ट्रेडमिलची पहिली तारीख कंपनीच्या ऑडिटमुळे हुकली. दुसरीला शिफ्ट बदलली. मग दिवाळी आली. दर वेळी मी तोंडाचा पट्टा सोडायची आणि दर वेळी हे म्हणायचे, “अगं, मला काय बी होत न्हाई, तर टेस्ट कशाची करतीस?” आणि मी, दिवसाला सातशे पार्ट तपासणारी बाई, गप्प बसायची. कारण दिसायला माणूस खरंच ठणठणीत होता. ते माझं गप्प बसणं मला आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी फोन आला. गुरुवारी आमच्या वर्कशॉपला सुट्टी असते. मी घरीच होते, तूर निवडत. फोन अनिसभाईंचा. अनिस म्हणजे यांचा कंपनीतला जोडीदार, शेजारच्या मशीनवरचा. अकरा वर्षं एका बसने जातात, एका डब्यात जेवतात. येत्या रविवारी त्यांच्या मुलीचा, इफ्फतचा निकाह होता. मला वाटलं, आमंत्रणाचं असेल.

“भाभी, मी उद्यापासून दहा दिवस सुट्टीवर आहे. म्हणून म्हटलं तुमच्या कानावर घालावं. गण्याला नका सांगू मी फोन केला ते.”

“काय झालं?”

“तसं काही नाही. आमच्या लाइनला कास्टिंग असतंय बघा, ओतीव लोखंडाचं, अठरा किलोचं. ते उचलून मशीनवर चढवायचं. गणपतीपासून दोन्ही मशीनवर मीच चढवतोय. तो बटन दाबतो, माप घेतो, स्टुलावर बसतो. त्याआधी दोन कास्टिंग उचलली की टेकायचा ना तो. दम लागायचा. म्हटलं बस भावा, मी हाय. पण आता दहा दिवस मी नाही आणि बदलीला जो पोरगा येणार तो काही याचं उचलणार नाही. म्हणून भाभी, तुम्ही त्याला म्हणा दहा दिवस सुट्टी टाक.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अनिसभाई, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती कंपनीला. जड उचलायचं नाही म्हणून.”

“चिठ्ठी? कसली चिठ्ठी?”

त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. झडप, शून्य पॉइंट आठ, दम सुरू झाला तर महिनाभरही थांबायचं नाही, सगळं. पलीकडे कॅन्टीनच्या ताटल्यांचा आवाज येत होता.

“अल्ला कसम भाभी, मला वाटलं वय झालं म्हणून असेल. मेडिकलचा फॉर्म पण मीच भरला त्याचा. बसमध्ये सगळ्यांचे मीच भरतो, माझं अक्षर चांगलं हाय म्हणून.”

“काय लिहिलंत?”

“काय म्हणजे? नाही. दम लागतो का, नाही. चक्कर, नाही. चाळीस जणांचं सगळीकडे नाहीच असतंय. हो लिहिलं की माणसाला लाइनवरून काढतात, हे सगळ्यांना माहीत हाय.”

“वाचता तरी का हो प्रश्न? का गरोदर आहात का, याच्याही पुढे चाळीस वेळा नाही लिहिता?”

“भाभी, दोस्ती म्हणून केलं.”

“जळो तुमची दोस्ती! तुम्ही त्याचं ओझं नाही उचललंत अनिसभाई, तुम्ही त्याचं दुखणं लपवलंत. पाच महिने! डॉक्टरीण विचारते त्रास होतो का, हा म्हणतो नाही. कसा होईल? त्याचा त्रास तुमच्या पाठीवर होता ना!” आणि मी फोन आपटला. लग्नघरच्या माणसाला असं बोलले. पण मला तेव्हा काहीही वाटलं नाही.

मग मी घरात येरझाऱ्या घालायला लागले आणि दाराशी दळणाचा डबा दिसला. दहा किलो. दळण आणायचं काम यांचं असायचं. मी कधीपासून आणतेय? दिवाळीपासून. “येता येता तूच घेऊन ये की,” म्हणाले आणि मी आणलं. गॅसचा सिलिंडर खालून वर कोण ओढतं? मी आणि सिलिंडरवाला. पाण्याच्या पिंपाशी कोण वाकतं? दर रविवारी सकाळी, मी कामावर जायच्या आधी, आम्ही दुर्गा टेकडीवर जायचो, ते कधी बंद झालं? “थंडी हाय, झोपू दे,” असं एका रविवारी झालं, मग दर रविवारी झालं. अनिसला बोलायला माझं तोंड होतं का? तो आठ तास झाकत होता, बाकीचे सोळा तास मी झाकत होते. शहाणीने गेज हातात घेऊन झाकलं.

आम्ही निगडी प्राधिकरणात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. साडेचारला यांची बस चौकात सोडते. मी चार वाजताच खाली फाटकाशी जाऊन उभी राहिले. हे आले, खांद्याला पिशवी, तोंडावर हसू.

“आज स्वागताला?”

“चला वर. कुठंही थांबायचं नाही. मला बघायचंय.”

“भांडणाचा मुहूर्त हाय का काय आज?”

“अनिसभाईंचा फोन आला होता.”

हसू गेलं. पुरुषाला खोटं पकडलेलं चालतं, पण कमजोरी पकडलेली चालत नाही. हे ताडकन वळले आणि जिना चढायला लागले, भरभर, मला दाखवायला. मी मागे. मला त्या क्षणी थांबवायला हवं होतं. डॉक्टरीण म्हणाली होती, चालवायचं ते माझ्यासमोर. पण मी रागाने आंधळी झाले होते. मनात एकच, चढ मेल्या, बघू तुझं फर्स्ट क्लास.

पहिला मजला गेला. दुसऱ्या मजल्यावर सुभद्राबाईंचं दार उघडलं. सुभद्राबाई अठ्ठ्याहत्तरच्या, एकट्या. पावलं ओळखून दार उघडतात.

“आलास का रे गणराज? आज गुडघा जरा...”

हे थांबले नाहीत. पुढे चार पायऱ्या चढले. मग कठडा धरला. पिशवी सुटली, डबा निघाला आणि खडखडत पायऱ्या उतरत माझ्या पायाशी येऊन पडला. हे हळूहळू खाली बसले. चेहरा राखेसारखा झालेला, ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. एक हात छातीवर होता.

मी मारलं यांना. एवढंच माझ्या डोक्यात आलं. दुखण्याने नाही, मी मारलं.

“पाणी नको, आधी बसू दे नीट,” सुभद्राबाई म्हणाल्या आणि दाराशेजारचं स्टूल पुढे सरकवलं. लाकडी, बुटकं स्टूल. मी यांना धरून चार पायऱ्या खाली उतरवलं आणि त्यावर टेकवलं. मी त्या स्टुलाशेजारून रोज चार वेळा जाते. म्हातारी भाजीवालीसाठी ठेवत असेल, असं मला वाटायचं.

“हे त्याच्यासाठीच ठेवलंय,” सुभद्राबाई म्हणाल्या. “दसऱ्यापासून. रोज थांबतो, गुडघा कसा आहे विचारतो, दहा मिनिटं बसतो. हल्ली कोण विचारतं गं म्हाताऱ्या माणसाला? मी सगळ्यांना सांगते, पोराला माझी फार माया.” मग त्या यांच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. “म्हणजे तू दम खायला थांबत होतास होय रे?”

यांनी मान खाली घातली. म्हातारीने पदराने यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि आत निघून गेली. त्या दिवशी सगळ्यात जास्त कुणाला लागलं असेल तर तिला.

बऱ्याच वेळाने आवाज फुटला. “थांब जरा, माले,” हे म्हणाले. लग्नाला तेवीस वर्षं झाली. ‘थांब’ हा शब्द मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आम्ही स्टुलाजवळ अर्धा तास बसलो, मग एकेक पायरी करत वर गेलो. मी लगेच मिनल मॅडमना फोन लावला. तशाच निघून या, म्हणाल्या.

त्यांनी तपासलं आणि आधी माझी हजेरी घेतली. “ताई, ही टेस्ट घरी जिन्यावर करायची असते? यांचं हृदय तिथेच थांबलं असतं तर? मी ट्रेडमिलशेजारी सगळी तयारी घेऊन उभी राहते ते काय हौस म्हणून?” मी ऐकून घेतलं. पण मग मीही सोडलं नाही.

“मॅडम, तुम्ही विचारलंत त्रास होतो का. यांना त्रास होतच नव्हता. कास्टिंग अनिस उचलत होता. दळण मी आणत होते. टेकडी बंद केली होती. स्टूल म्हातारीने ठेवलं होतं. त्रास सगळ्या गावाने वाटून घेतला होता. तुमचा प्रश्नच चुकला.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “बरोबर आहे,” म्हणाल्या. “मी विचारायला पाहिजे होतं, वर्षभरात काय काय करणं सोडलंत. आणि हे तुमच्याकडे बघून विचारायला पाहिजे होतं.” अशा बाईवर रागवायचं तरी किती? मला रागवायचं होतं, पण तिने जागाच ठेवली नाही.

ट्रेडमिल रद्द झाली. त्रास आहे म्हटल्यावर पट्ट्यावर चालवणं धोक्याचं, त्या म्हणाल्या. अँजिओग्राफी करून बुधवारी ऑपरेशन. कधी, या प्रश्नाचं उत्तर जिन्यातच मिळालं होतं.

रात्री घरी आल्यावर मी चिठ्ठी शोधली. पाकिटात होती, ऑगस्टातल्या घडीची, झिजून चार तुकडे व्हायला आलेली.

“का नाही दिली?”

“चिमाजीचं काय झालं ठावं हाय ना तुला?”

चिमाजी यांच्या लाइनचा जुना माणूस. हृदयाचं ऑपरेशन करून परत आला तर त्याला गेटवर बसवलं, आलेल्या गाड्यांचे नंबर लिहायला. काम हलकं, पगार तोच.

“चांगलं झालं की त्याचं. जिवंत आहे.”

“जिता हाय. पण लाइनवरनं चहाला हाक मारत न्हाई कुणी. मशीन अडलं की आधी चिमाजीला बोलवायचे. आता त्याच्या म्होरनं जातेत अन् त्याला नंबर सांगतेत.”

“आणि तुम्ही मेला असतात तर हाक मारली असती का?” मी ओरडले. “मेलेल्याला चहा देतात का तुमच्या कंपनीत?”

हे कूस बदलून झोपले. मी रात्रभर त्यांची छाती वरखाली होते का बघत बसले.

मंगळवारी ॲडमिशन. सोडायला गाडी घेऊन कोण आलं? अनिसभाई. परवा पोरीचा निकाह झालेला, हातावरचा मेंदीचा ठिपका तसाच. मी फाडफाड बोलले होते, ते सगळं गिळून आले होते. पिशव्या उचलायला गेले आणि मधेच थबकले, माझ्याकडे बघून. “उचलू ना भाभी?” म्हणाले. मला हसू पण आलं आणि रडू पण.

वॉर्डात यांना पलंगावर बसवलं, छातीला वायरी लावल्या. एक सिस्टर फॉर्म घेऊन आली. तोच फॉर्म, तेच रकाने. अनिसभाईंनी सवयीने शर्टाच्या खिशाला हात लावला, पेनासाठी. मी नुसतं बघितलं. त्यांनी हात खाली घेतला.

“काका, दम लागतो?” सिस्टरने विचारलं.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे तोंड केलं. मला यांच्या तोंडून ऐकायचं होतं, माझ्या डोळ्यातून नाही.

“लागतो,” हे म्हणाले.

“चक्कर?”

“येती. वर बघितलं की.”

चक्करचं मला माहीत नव्हतं. अनिसभाईंनाही नव्हतं, त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

“कधीपासून होतंय हे?”

मी मनात गणपतीपासून म्हणत होते. फार तर गणपती.

“मागच्या दिवाळीच्या आधीची दिवाळी,” हे म्हणाले. “तवापासनं.”

सिस्टरने लिहून घेतलं. तिला काय, तारीख ती. मी बोटांवर महिने मोजले. म्हणजे ऑगस्टात, मॅडमनी चित्र काढलं तेव्हा नऊ महिने झाले होते. मी खुर्चीच्या काठावर बसून मग बदला ना म्हणत होते, तेव्हा नऊ महिने! गावाने झाकलं ते नंतर. पहिलं यांनी एकट्याने झाकलं, माझ्यापासून, माझ्या शेजारी झोपून.

मी उठले. सिस्टर घाबरून बाजूला झाली, अनिसभाई “भाभी, भाभी” म्हणत मधे आले. मारायलाच उठले होते मी, खोटं कशाला बोलू. पण त्या छातीवर एवढ्या वायरी होत्या, की हात ठेवायलासुद्धा जागा नव्हती.